चौथा झेंडा

“कात्री हातात असली की तोंड मिटलेलं हवं, बाळ. चुकीचं कापलेलं कापड आणि चुकीचा शब्द, दोन्हींना मग ठिगळच लावावं लागतं.”

बाबांना जाऊन तीन वर्षं झाली होती. शिलाईचं दुकान आता तिच्या हाती होतं. रोज सकाळी शटर उचलताना बाबांचा तो शब्द तिच्या कानी येई आणि दिवसभर ती तो व्रतासारखा पाळी.

म्हणूनच त्या सोमवारी गळ्यात शिट्टी अडकवलेला एक उंच तरुण धापा टाकत दारात आला, तेव्हा तिनं मानसुद्धा वर केली नाही.

“मैदानाच्या कोपऱ्यांना चार झेंडे हवेत. रविवारी शाळांचा फुटबॉलचा अंतिम सामना आहे, मी पंच. जुने उंदरांनी कुरतडले... ऐकताय ना?”

कात्री कचकच चालतच राहिली.

“रागावलात? अहो, विश्वचषकातही असं झालंय! चौऱ्याहत्तर साली अंतिम सामन्याला सगळं जग डोळे लावून बसलेलं — आणि पंचांच्या लक्षात आलं, कोपऱ्यांत झेंडेच नाहीत! सामना खोळंबला. तिथं माझी काय कथा?”

तिनं कात्री ठेवली. ओठांतलं हसू मात्र लपवता येईना. “रंग कोणता?”

“पिवळा. पण... रोज एकच शिवा. घाई नको.”

“चार झेंड्यांना चार दिवस?”

“काम नीट व्हायला हवं ना!” तो म्हणाला आणि कानांपर्यंत लाल झाला.

मग तो रोज येऊ लागला. ती कापत असायची, तो बोलत असायचा; कात्री चालताना ती बोलत नाही, हे त्याला एव्हाना कळलं होतं. महायुद्धात विश्वचषकाची ट्रॉफी म्हणे एका अधिकाऱ्यानं बुटांच्या खोक्यात घालून पलंगाखाली दडवली होती. ट्रॉफी पुढे चोरीला गेली, ती एका कुत्र्यानं झुडपातून शोधून काढली. आतून आई ओरडायची, “अहो शिट्टीवाले, पोरीचं काम होऊ द्या!” आणि पाठोपाठ चहाही पाठवायची.

गुरुवारी तो शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसला. ती चौथ्या झेंड्याचं कापड कापत होती.

“आता बोलू नका,” तो हळूच म्हणाला. “कात्री आहे हातात, म्हणूनच धीर होतोय. मला दुसऱ्या गावाहून नोकरीचं पत्र आलंय. सोमवारी उत्तर द्यायचंय. पण मला... इथंच राहायचंय. तुमच्याजवळ.”

कात्री क्षणभर थबकली, मग सरळ रेषेत पुढे गेली. दोन स्थळं तिनं याच दुकानापायी नाकारली होती. लग्नानंतर तिनं शटर कायमचं ओढावं, अशी दोघांचीही अट होती.

कापड सुटलं. तिनं कात्री ठेवली.

“आणि माझं दुकान? आई?”

“पहिल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात दोन्ही संघ आपापल्या चेंडूसाठी हटून बसले होते. शेवटी पहिला अर्धा खेळ एकाच्या चेंडूनं झाला, दुसरा दुसऱ्याच्या. आपला पहिला अर्धा तुमच्या चेंडूनं. दुकान इथंच, आई इथंच, मीही इथंच.”

“आणि दुसरा अर्धा?”

“ते मध्यंतरात बघू की!”

ती खळखळून हसली. मग खडूनं माखलेली बोटं न्याहाळत म्हणाली, “आईला विचारायला हवं. तीन झेंडे घेऊन जा. होकार असेल तर चौथा मी स्वतः आणीन. नसेल तर... कुणाच्या तरी हाती पाठवीन. सामना मात्र अडणार नाही. शब्द देते.”

रविवारी दुपारी तिनं चौथ्या झेंड्याला इस्त्री केली. आई दारात उभी होती.

“झेंडाच द्यायला चाललीस ना? मग ही नवी ओढणी कशाला?”

“आई!”

“जा गं. पंच उन्हात ताटकळत असेल. आणि दुकानाची काळजी नको, तासभर मी बसते.”

तिनं कात्री पुसून बाबांच्या जुन्या खणात ठेवली. उबदार झेंडा छातीशी धरला आणि ती मैदानाच्या रस्त्याला लागली.