काकांचा आवाज चूक ठरला

हे खरं घडलंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल दुसरं काहीतरी वाचावं, माझ्याशी वाद घालायला येऊ नये. मी कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरतो. भूतबित मानत नाही, बॅकअप मानतो.

आणि रात्रबित्र काही नव्हती. रविवारची भर दुपार होती. माझ्या काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली लाँड्री. जिन्यात कायम इस्त्रीच्या वाफेचा वास.

काकूंना दिसत नाही. त्यांचे डोळे गेले तेव्हा काकांनी त्यांच्यासाठी पुस्तकं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करायला सुरुवात केली. ऑफिसातून आले की चहा, मग माईक. कपाटभर पुस्तकं वाचली त्या माणसाने. इतरांनाही ऐकता यावीत म्हणून फाइल शेअरिंगच्या प्रोग्रॅममधून ती सगळ्यांसाठी खुली ठेवली.

गेल्या वर्षी काका गेले. आवाज तेवढा राहिला.

काकू दिवसभर तोच लावून बसायच्या. स्पेसबारवर काकांनी शर्टाचं एक बटण चिकटवून दिलं होतं. बोटाला लागलं की दाबायचं, वाचन सुरू.

पण मशीन पार थकलं होतं. म्हणून त्या दिवशी सकाळीच गेलो, सगळ्या फायलींची कॉपी एका वेगळ्या डिस्कवर काढली, मूळ फायली मशीनवर तशाच ठेवून जुनी सिस्टीम पुसून नवी टाकली.

"काहीही कर, पण ह्यांचा आवाज तेवढा सांभाळ," काकू म्हणाल्या. "माझ्याकडे दुसरं आहे काय?"

"काकू, मी काय आज पहिल्यांदा स्क्रू ड्रायव्हर धरलाय?"

हसल्या बिचाऱ्या.

सिस्टीम बदलली की हा प्रोग्रॅम सगळ्या फायली पुन्हा तपासतो. फाइलचे छोटे छोटे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्याचा ठसा त्याच्याकडे असतो. ठसा जुळला तर ठीक. नाही जुळला तर तुकडा चूक समजून फेकतो आणि ज्याच्याकडे बरोबर असेल त्याच्याकडून नवा आणतो. आमचं रोजचं काम. मी फोल्डर दाखवलं, तपासणी लावली आणि पाणी प्यायला गेलो.

आलो तर...

शून्य टक्के.

म्हटलं, फोल्डर चुकलं असेल. पुन्हा दाखवलं. फायली उघडायच्या परवानग्या बघितल्या, नावं बघितली. पुन्हा तपासणी...

शून्य.

काकांनी स्वतःच्या तोंडाने वाचलेलं सगळं चूक.

मी थांबवायच्या आत त्याने नवे तुकडे आणायला सुरुवात केली. कुणाकडून? पलीकडे एकच जण जोडलेला दिसत होता. त्याच्याकडे मात्र सगळं शंभर टक्के बरोबर.

मी राउटरचा प्लगच उपटला.

तुकडे येतच राहिले...

मग त्या एकट्याचा नेटवर्कवरचा पत्ता बघितला. तो बाहेरचा नव्हताच. घरातल्या घरातला होता.

"काकू, घरात आणखी एखादा कॉम्प्युटर आहे?"

"मला एक दिसत नाही, दोन कशाला ठेवू?"

मी हसलो नाही. प्रोग्रॅम बंद केला, मुळापासून काढून टाकला. मग एक फाइल लावून ऐकली.

आवाज काकांचाच. तोच घोगरेपणा, शब्द ओढायची तीच सवय. जीव भांड्यात पडला.

आणि मग लक्षात आलं...

काकांना दमा होता. दोन वाक्यांच्या मध्ये त्यांचा श्वास खोलीभर ऐकू यायचा.

हा आवाज श्वास घेतच नव्हता.

पूर्वी मागे काकूही असायच्या. मधेच "मग पुढे?" विचारायच्या, कप ठेवायच्या. काका ते कधी कापत नसत. आता काकू कुठेच नव्हत्या. त्या जिथे बोलायच्या तिथे नुसती शांतता...

वाचता वाचता आवाज थांबला.

"त्याला जायला सांग."

मी कपाटातून ते पुस्तक काढलं, पान शोधलं. असलं वाक्य त्यात नव्हतं. फाइल थोडी मागे नेली, पुन्हा ऐकली. त्याच जागी...

"अजून गेला नाही?"

बॅगेतून सकाळची डिस्क काढली. कॉपी केल्यापासून ती कशालाच जोडलेली नव्हती. माझ्या लॅपटॉपला लावली.

त्यातही श्वास नव्हता.

"काकू, हे सगळं खराब झालंय. मी मशीन बंद करतो." मी हात पुढे केला.

काकूंनी माझं मनगट पकडलं. चाचपडत नाही, थेट.

"बंद करू नकोस."

"अहो, हे काका नाहीत."

"मला सांगतोस? आयुष्यभर ऐकलंय मी ह्यांना." त्यांचा आवाज अगदी खाली आला. "हे गेल्यापासून मशीन कधी बंदच नव्हतं केलं मी. आज तू केलंस आणि वायर आणायला खाली गेलास. तेव्हा तो इथे येऊन वाचत होता. माझ्या शेजारी बसून."

मी हात मागे घेतला.

"चालू असलं की तो आत राहतो," काकू म्हणाल्या.

"माझ्या घरी चला. आत्ताच्या आत्ता."

"आणि माझ्या मागोमाग आला तर? तुझी लेकरं आहेत तिथे."

मी निघालो. पळालो म्हणा हवं तर.

दुसऱ्या दिवशी लाईट गेली तरी चालावं म्हणून मोठा यूपीएस नेऊन बसवला. वाचन सुरू होतं. मी एक शब्द न बोलता काम उरकलं. तेव्हापासून मी काकूंना रोज फोन करायचो, आणि मागे तो आवाज ऐकू आला की मला चक्क बरं वाटायचं.

काल दुपारी फोन केला.

मागे काहीच वाजत नव्हतं...

"काकू? लाईट गेलीय का?"

"सकाळपासून." जेमतेम ऐकू येईल इतकं. "तुझी ती बॅटरीही संपली."

"मी निघतो. पोहोचतोच."

"येऊ नकोस रे. मी गप्प बसून ऐकते, ऐकलं की तो काही करत..."

पुढचं मला नीट कळलं नाही. कारण फोनच्या अगदी जवळून, काकूंपेक्षाही जवळून, काकांच्या आवाजात कुणीतरी वाचायला लागलं. कुठेही श्वास न घेता. आणि मधेच थांबलं.

"येऊ दे त्याला."

फोन कट झाला. त्यानंतर काकूंनी उचललेला नाही.

त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. आत्ता समोर टेबलावर ठेवलीय आणि मी सकाळपासून तिच्याकडे बघत बसलोय. बायको म्हणते, म्हातारी बाई तिथे एकटी आहे, जाऊन ये ना.

एकटी असती तर कालच गेलो असतो.