विमान तुझ्या हाती

एप्रिलातली सकाळ, वारा नावालाही नाही. यरिंडा गावाच्या धावपट्टीवर व्हर्न डेलब्रिज विमानाच्या पुढच्या रिकाम्या सीटचे पट्टे आवळत होता. पट्टे सुटे राहिले तर तिथल्या सुकाणूच्या दांड्यात अडकतात आणि मग विमान वळवता येत नाही. हे तो विद्यार्थ्यांना इतक्यांदा सांगायचा की झोपेतही बडबडायचा, असं त्याची बायको थेल्मा म्हणायची.

"कुणाला बांधतोयस एवढं? पळून जाणारे का कुणी?" ब्लूनं विचारलं. ब्लू म्हणजे इथला मेकॅनिक. केस गाजरासारखे लाल, म्हणून नाव ब्लू. या गावाची थट्टा अशीच असते.

"तुझी जीभ बांधायला पट्टा उरतोय का बघतोय," व्हर्न म्हणाला.

आज अँझॅक डे. युद्धात गेलेल्या पोरांचा दिवस. सगळं गाव स्मारकापाशी जमलेलं. मिसेस हॉकिंगचा मुलगा मर्विन याच धावपट्टीवर, अशाच दोन मजली पंखांच्या विमानात उडायला शिकला होता. एकोणीस वर्षांचा. एका दुपारी त्याला एकट्याला लांबच्या फेरीवर पाठवलं आणि तो मिठाच्या तळ्यांकडे गेला तो गेलाच. विमान नाही, बूटसुद्धा सापडला नाही. व्हर्न या गावात आला युद्ध संपल्यावर. त्यानं पोराचं फक्त स्मारकाच्या दगडावरचं नाव बघितलं होतं.

इतकी वर्षं मिसेस हॉकिंग त्या दगडाशी फुलापानांचं गोल कडं ठेवायच्या. यंदा सरळ फ्लाइंग क्लबात आल्या आणि म्हणाल्या, "तो काही दगडाखाली नाहीये. वरून टाका."

व्हर्न मागच्या सीटवर बसला. ब्लूनं पंखा फिरवला, इंजिन खोकलं आणि सुरू झालं.

वरून गाव काडेपेटीएवढं दिसत होतं. स्मारकाभोवती काळ्या टोप्या, त्यात थेल्माचा पिवळा कोट. सातवा महिना लागला होता तिला. व्हर्ननं विमान खाली आणलं. कडं मांडीवर होतं, निलगिरीच्या पानांचं, आठवणीची खूण म्हणून रोझमेरीच्या काड्या खोचलेलं. उचललं तर वाऱ्यानं ते फडफडून तोंडावरच आलं. एका हातानं जमेना.

दोन्ही सीटपुढे एकमेकांना जोडलेला एकेक दांडा असतो, आणि मध्ये बोलायला रबरी नळी. इकडे बोललं की तिकडच्याच्या कानात ऐकू येतं. शिकवताना नियम एकच. दांडा सोडायचा तर आधी सांगायचं, आणि समोरच्यानं 'माझ्या हाती' म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. परत घेतानाही तसंच. व्हर्ननं हे आयुष्यभर केलेलं.

त्यामुळे तोंडातून सवयीनं निघून गेलं. "विमान तुझ्या हाती."

दोन्ही हातांनी त्यानं कडं भिरकावलं. अगदी बरोबर पडलं. तो स्वतःशीच हसला, म्हणाला, काय खुळा आहे मी. आणि दांड्याला हात घातला.

"माझ्या हाती, सर."

कोवळा आवाज. थोडासा दम लागलेला.

वारा असेल. इंजिन असेल. कानात काहीही वाजतं. व्हर्ननं दांडा डावीकडे ढकलला. ढकलला गेला नाही. अडकलेला दांडा कसा लागतो ते त्याला माहीत होतं, लोखंडासारखा. हा तसा नव्हता. पलीकडून कुणीतरी धरल्यासारखा होता. घट्ट, आणि किंचित थरथरत.

पुढची सीट रिकामी होती. पट्टे बांधलेले होते.

विमान हळूच वळलं. उत्तरेला, तळ्यांकडे.

"विमान माझ्या हाती," व्हर्न म्हणाला.

दांडा तसाच घट्ट राहिला.

"माझ्या हाती. सोड."

तांबडी माती संपली. खाली पांढरं सुरू झालं. मीठ, नुसतं मीठ, उन्हात चकाकणारं. वर आभाळही तसंच पांढरं. मधली रेघ पुसत गेली आणि मग वर कुठलं आणि खाली कुठलं काहीच कळेना. तोंडात खारट चव आली. नळीतून श्वास ऐकू येत होता. भराभर. रडू दाबून धरलेल्या पोराचा.

विमानाचं नाक खाली झुकायला लागलं.

व्हर्नला थेल्माचा पिवळा कोट आठवला. त्यानं दांडा दोन्ही हातांनी ओढला, पायांनी पेडल दाबले. काही हललं नाही.

मग तो ओढायचं थांबला. विद्यार्थ्यांशी बोलतो तसा बोलला.

"बाहेर बघू नकोस. समोरच्या तबकड्यांचे काटे बघ. नाक वर घे. हळू."

नाक वर आलं.

"आता उजवीकडे. तिथं रेल्वेचे रूळ लागतील. ते धर. घरी चल, पोरा."



मग विमान उजवीकडे वळलं.

उतरताना व्हर्नचे हात मांडीवर होते.

"आज काय झालं मास्तर?" ब्लू धावत आला. "उतरताना तीन उड्या मारल्यास. शिकाऊ पोरं बरी. आणि गेला होतास कुठं तिकडे?"

व्हर्न खाली उतरला. पुन्हा एकदा, हळूच, तो रिकाम्या सीटकडे बघून म्हणाला, "माझ्या हाती."

परतीचं 'तुझ्या हाती' आलंच नाही.

फाटकापाशी थेल्मा ट्रक घेऊन उभी होती, शेजारी मिसेस हॉकिंग. "कडं छान टाकलंत," त्या म्हणाल्या. "चहाला या दोघं."

नको म्हणायचं होतं त्याला. घरी जायचं होतं, दार लावून घ्यायचं होतं. "येतो," तो म्हणाला.

मिसेस हॉकिंगची गाडी पुढे निघून गेली, धुळीत दिसेनाशी झाली. व्हर्ननं ट्रक चालवला. कोरड्या ओढ्यापाशी डावीकडे वळला. हॉकिंगच्या शेताच्या फाटकाची साखळी नुसती ओढून सुटत नव्हती, आधी फाटक वर उचलावं लागत होतं. त्यानं उचललं.

"तू आधी आलायस इथं?" थेल्मानं विचारलं.

"नाही."

तिनं त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

स्वयंपाकघरात चूल पेटलेली होती. स्कोनचे छोटे गरम पाव, जाम, चहा. व्हर्ननं कप उचलला. डाव्या हातानं. त्यानं तो हात उचलला नव्हता. चहा बशीत ओतला गेला, बशी तोंडाशी आली, त्यानं फुंकर मारली.

"व्हर्न, हे काय?" थेल्मा हसली, पण ते हसू अर्ध्यातच विरलं. टेबलाखालून तिनं त्याचा गुडघा धरला. त्याला तिचा हात धरायचा होता. उजवा हात टेबलावर पडून राहिला, दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा. माझ्या हाती, तो मनात म्हणत होता. माझ्या हाती, माझ्या हाती.

मिसेस हॉकिंग बघत होत्या. घाबरल्या नव्हत्या. उठल्या, फडताळातून एक खोल बशी काढली, पदराला पुसावी तशी एप्रनला पुसली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"हळू पी. नेहमी चटका बसतो तुला."

मग त्यांनी थेल्माच्या खांद्यावर हात ठेवला, अगदी मायेनं.

"ट्रक तू एकटीच घेऊन जाशील ना गं? ऊन चढायच्या आत नीघ."