उंदीर परत करायला आलेला शेजारी

"हा तुमचा उंदीर," तो म्हणाला.

नीलांबरीने फाटक अर्धंच उघडलं होतं. एका हातात सायकल, खांद्यावर तपासलेल्या वह्यांची पिशवी, आणि शाळेची घंटा व्हायला जेमतेम वीस मिनिटं. समोर एक उंच, सडसडीत तरुण उभा होता. शर्टाला कडक इस्त्री, भांग नीट पाडलेला आणि हातात लाकडी पिंजरा. पिंजऱ्यातला लठ्ठ उंदीर निवांतपणे मिशा साफ करत बसला होता.

"आमचा कशावरून?" तिने विचारलं.

"तुमच्या खताच्या खड्ड्यातून येतो, माझ्या खोलीत जेवतो आणि झोपायला परत तुमच्याकडे जातो. म्हणजे राहणारा तुमचाच. माझ्याकडे नुसती खाणावळ आहे."

हसू आलं होतं, पण तिने ते गिळलं. सकाळपासून तिचं डोकं आधीच फिरलेलं होतं. भांडी घासणाऱ्या साळूबाईने मागच्या दारातूनच बजावलं होतं, "ताई, मी न्हाई जायची खड्ड्याकडं. लई मोठी घूस हाय तिथं. माज्याकडं बघत हुती." त्यावर आईने स्वयंपाकघरातून सुनावलं, "या घरात आता खड्डा तरी राहील नाहीतर मी तरी." आणि आता हा.

"तुमचं काय खाल्लं त्यानं?"

"कालवा," तो म्हणाला. "मी शामकांत. मागच्या बाजूला भाड्यानं राहतो, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत नकाशे काढतो. ट्रेसिंगच्या कापडाला खळ असते, ती यांना फार आवडते. महिनाभर बसून काढलेल्या कालव्याला बरोबर बाराव्या किलोमीटरवर भोक पडलंय. साहेबांना काय सांगू? इथून पुढे पाणी बिळातून जाईल?"

"मग कापड पेटीत ठेवा."

"आणि तुम्ही खड्डा बुजवा. रविवारपर्यंत. नाहीतर मला तुमच्या वडिलांशी बोलावं लागेल."

"बाबांशी नाही बोलायचं." तिचा आवाज एकदम बदलला. "जे बोलायचं ते माझ्याशी बोला. रोज येऊन भांडा हवं तर… पण बाबांशी नाही."

इतक्या वेळात पहिल्यांदाच शामकांतने तिच्याकडे नीट पाहिलं. मग पिंजरा उचलून तो तसाच परत गेला, उंदरासकट.

सत्तर साल सरत आलं होतं. गावाबाहेर सावेडीत तेव्हा बंगले मोजके, बाकी सगळा माळ. नीलांबरीच्या वडिलांनी, विष्णुपंतांनी, कलेक्टर कचेरीत छत्तीस वर्षं काढली, हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि गावातली भाड्याची जागा सोडून इथे चार खोल्या बांधल्या. घर झालं आणि विष्णुपंत गप्प झाले. व्हरांड्यातल्या खुर्चीत सकाळी बसत ते दिवे लागेपर्यंत. हो, नाही, नको, एवढंच बोलत. डॉक्टरांनी टॉनिक दिलं, आईने शनिवार धरले, काही उपयोग झाला नाही. त्या दिवसांत नीलांबरीला दोन चांगली स्थळं सांगून आली होती. तिने सरळ सांगून टाकलं, "बाबा बोलते झाल्याशिवाय मी कुठंही जाणार नाही." आई रडली, चिडली, पण पोरगी हलली नाही.

आणि मग एक दिवस शेतकी खात्याचं एक पत्रक त्यांच्या हाती पडलं. पालापाचोळ्यापासून कंपोस्ट खत. विष्णुपंतांनी ते तीनदा वाचलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि संध्याकाळी बायकोला विचारलं, "भाजीची देठं तू कुठं टाकतेस?" सहा महिन्यांतलं ते पहिलं अखंड वाक्य. परसात कुंपणालगत खड्डा खणला गेला, त्याला कमरेपर्यंत विटांचा कठडा आला आणि विष्णुपंत पुन्हा माणसांत आले. आता असा खड्डा बुजवायचा तरी कसा?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नीलांबरी शाळेतून आली तर शामकांत तारेच्या कुंपणाला टेकून उभा. म्हणजे आलाच हा बाबांना सांगायला. सायकल तशीच भिंतीला लावून ती तरातरा परसात गेली, आणि थबकली. विष्णुपंत बोलत होते.

"हात घाला, घाबरू नका. गरम लागतंय ना? एवढी थंडी पडलीय आणि आत बघा. कुजणाऱ्या प्रत्येक गोष्टीला ऊब असते, शामराव."

शामकांतने इस्त्रीची बाही कोपरापर्यंत सारून तारेवरून हात खतात घातला होता. तो मान डोलवत होता, मधूनच काही विचारत होता. आणि बाबा हातवारे करकरून सांगत होते, एका परक्या माणसाला. नीलांबरी दारातच उभी राहिली. डोळे उगाच भरून आले, तेव्हा तिला स्वतःचाच राग आला.

बाबा हात धुवायला गेल्यावर ती कुंपणाशी आली. "बोललात का?"

"काय?"

"उंदरांचं."

"जमलं नाही," तो म्हणाला. "दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा त्यांनी माझा हात खतात घातला."

मग तिने त्याला खुर्चीचं सांगितलं. सहा महिन्यांचं सांगितलं. स्थळांचं सांगायचं नव्हतं, तेही बोलण्याच्या भरात सांगून गेली… आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली.

शामकांत बराच वेळ हातावरचं खत पुसत राहिला. "मग खड्डा राहील," तो शेवटी म्हणाला. "उंदीर जातील."

"तुम्ही घालवणार?"

"कालवा कुरतडलाय माझा. हक्क आहे."

त्यानंतरचे रविवार सगळे खड्ड्यात गेले. शामकांतने बारीक तारेची जाळी आणली. सगळं खत बाहेर काढून ती तळाला आणि बाजूंना ठोकली. उंदरांना कोरडं, न हलवलेलं खत आवडतं, असं त्याला कचेरीतल्या कुणी सांगितलं होतं, म्हणून दर आठवड्याला फावड्याने सगळा ढीग वरखाली करायचा आणि पाणी शिंपडायचं. विष्णुपंत हुकूम सोडत, शामकांत फावडं मारी आणि नीलांबरी झारी घेऊन उभी राही. आई एकही उंदीर मारू देणार नव्हती, गणपतीचं वाहन म्हणून. म्हणून पकडलेले उंदीर सोडून येण्याचं काम नीलांबरीकडे.

"सोडता कुठे?" त्याने एकदा सहज विचारलं.

"मागच्या मोकळ्या प्लॉटवर. अगदी लांब, बाभळीपाशी."

शामकांतने फावडं खाली ठेवलं. "बाई, त्या बाभळीला लागून माझी मोरी आहे."

"…अगबाई."

"आणि मी पकडलेले, तुमच्या फाटकापुढच्या गटारात सोडत होतो," तो म्हणाला. "दीड महिना आपण दोघं एकमेकांना उंदीर पाठवतोय."

"लोक पत्रं पाठवतात," ती बोलून गेली.

तो हसला. तिने झारीतलं पाणी खतावर ओतायचं ते त्याच्या चपलांवर ओतलं. मुद्दाम नाही, असं ती पुढे कितीतरी वेळा म्हणाली.

पण उंदीर काही हटेनात. जाळी होती, ओल होती, उंदीर आता दूर वस्तीपलीकडच्या माळावर जाऊन सोडले जात होते, तरी सकाळी खड्ड्याच्या कठड्यावर लेंड्या पडलेल्याच. शामकांत वैतागला. "कुणीतरी शिजवलेलं अन्न टाकतंय. त्याशिवाय ते वरून चढून येणार नाहीत."

आई कडाडली. "माझ्या घरातून शिजलेल्या अन्नाचं एक शीत खड्ड्यात जात नाही. देवाशपथ. त्या साळूबाईला विचारा."

"मी तर तिकडं फिरकत बी न्हाई," साळूबाई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

पौषातल्या एका रविवारी आईनेच त्याला जेवायला थांबवलं. तोंडाने उंदरांचा उद्धार चालू असला तरी दर रविवारी घाम गाळणारा हा मुलगा तिच्या मनात भरला होता. पानं मांडली. विष्णुपंतांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि उजव्या हाताला तूपभाताच्या पाच चित्राहुती घातल्या. शामकांतनेही घातल्या. नीलांबरी वाढत होती, म्हणजे वाढता वाढता त्याला पापड तीनदा विचारत होती.

जेवणं झाली. आईने दोघांच्या चित्राहुती अलगद एका वाटीत उचलल्या. त्यात नैवेद्याच्या पानावरचा भात घातला. वर गोग्रासाची पोळी ठेवली, तीही तूप लावलेली. मग वाटी दोन्ही हातांनी धरून ती परसात गेली, खड्ड्यापाशी वाकली आणि सगळं हळूच आत ठेवून नमस्कार केला.

शामकांतने नीलांबरीकडे पाहिलं. नीलांबरीने शामकांतकडे पाहिलं.

"रोज?" तो कुजबुजला.

"दोन वेळा," ती म्हणाली आणि तिने कपाळाला हात लावला.

गावातल्या घरी गाय दारात यायची. सावेडीच्या माळावर गाय कुठली? देवाचा घास कुणाच्या पायदळी येऊ नये, म्हणून आईने आपल्या परीने स्वच्छ जागा शोधली होती. तिच्या लेखी ते अन्न नव्हतंच, ते देवाचं होतं. शपथ खोटी नव्हती. पण आता तिला हे सांगायचं कुणी? गेले दोन महिने उंदरांवरून अख्खं घर डोक्यावर घेणारीला?

नीलांबरीने तोंड उघडलं आणि मिटलं. सांगितलं शामकांतनेच, तेही बडीशेप घेता घेता, खाली बघत. "काकू… आमच्याकडे मिरजगावला आई चित्राहुती कौलांवर ठेवते. आणि गोग्रासाचा तुकडाही. चिमण्या येतात."

आईचा हात हवेत थांबला. ती वाटीकडे बघत राहिली, मग खड्ड्याकडे.

"म्हणजे," ती सावकाश म्हणाली, "तूप लावून लावून… मीच?"

आईचा चेहरा पडत चालला होता. तेवढ्यात पाटावरून एक चमत्कारिक आवाज आला. विष्णुपंत हसत होते. आधी खांदे हलले, मग पोट, मग ते भिंतीला टेकले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. खड्ड्यामुळे ते बोलायला लागले होते, पण हसले नव्हते. दोन वर्षांत एकदाही नाही.

"हसा," आई म्हणाली. "हसा मेलं." आणि पदराने डोळे पुसू लागली.

दुसऱ्या दिवसापासून वाटी गच्चीवर जायला लागली. तीन आठवड्यांत खड्डा स्वच्छ. पिंजरा रिकामा, कठडा रिकामा, साळूबाईसुद्धा तिकडून बिनधास्त ये-जा करायला लागली. सगळं घर खूश होतं आणि नीलांबरीची मात्र नुसती चिडचिड. उंदीर नाहीत म्हणजे तक्रार नाही, तक्रार नाही म्हणजे त्याने यायचं कशाला? दोन रविवार तो आला नाही. तिसऱ्या रविवारी आला, तोही कुंपणापर्यंतच.

"बदली झाली," तो म्हणाला. "राहुरीला. कालव्याच्या कामावर. पंधरा तारखेला हजर व्हायचंय."

"बरं झालं," ती म्हणाली. "तिथे नकाशे कुणी खाणार नाही."

"दोन रविवार हेच सांगायला निघत होतो."

"मग?"

"मग हेच एवढं सांगून परत यावं लागेल, म्हणून निघत नव्हतो." त्याने तार घट्ट धरली. "बाई, मला तुम्ही हव्या आहात. चिडलेल्यासुद्धा… चिडलेल्याच, खरं तर. मी काकांना विचारणार होतो. पण तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत, बाबांशी बोलायचं नाही."

हेच ऐकायला नीलांबरी दोन रविवार फाटकाशी घुटमळली होती, आणि आता ऐकल्यावर हो म्हणता येत नव्हतं. "मी गेले तर…" ती म्हणाली. "ते परत खुर्चीत बसले तर?"

"मला काय खुर्चीला बांधून ठेवलंय?"

विटांच्या कठड्यामागून विष्णुपंत उठले. कोपरापर्यंत खत, धोतराचा सोगा खोचलेला, आणि चेहरा भयंकर चिडलेला.

"नीला, मी सहा महिने गप्प बसलो, त्याची शिक्षा तू स्वतःला दोन वर्षं देते आहेस. मला ते दिसत नव्हतं असं वाटलं तुला? रोज दिसत होतं. बोलायला तोंड नव्हतं." ते शामकांतकडे वळले. "राहुरीला क्वार्टरच्या मागे जागा आहे का?"

"आहे… दहा बाय पंधरा असेल."

"मग खड्डा खणा. तळाला जाळी आधी, विटा नंतर. मी दर रविवारी सकाळच्या गाडीने येऊन बघणार."

"आणि माझ्याशिवायच ठरवताय सगळं?" नीलांबरी उसळली. "एक जण तार धरून उभा आहे, एकाला खड्डा हवा आहे. मला नीट विचारलंय का कुणी?"

मग शामकांतने तारेवरचा हात काढला, वळसा घालून तो फाटकातून आत आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. "माझ्याशी लग्न कराल?"

"हो," ती म्हणाली. मग बाबांकडे वळली, आणि आता मात्र तिचा आवाज कापत होता. "पण तुम्ही रविवारी खरंच यायचं. आणि आल्यावर बोलायचं."

विष्णुपंतांनी मान डोलावली. बोलायला मात्र त्यांना त्या क्षणी जमलं नाही.