उलट्या टेपेतले पहिले गाणे

“गेली! टेप कामातून गेली!”

मामाने यंत्रातून कॅसेट ओढून काढली आणि तुटक्या तारांच्या टोपलीत भिरकावली. त्याच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानामागच्या खोलीत सुटीसाठी जमलेली खार, मैना आणि गोट्या ही तिन्ही भाचरे दचकली.

मामा एके काळी एका रॉक बॅंडमध्ये गिटार वाजवीत असे. बॅंड नावारूपाला आला, तो मात्र मामा भांडून बाहेर पडल्यावर. आता त्या बॅंडच्या सुरुवातीच्या, कोठेही न मिळणाऱ्या ध्वनिमुद्रणांचा संग्रह निघणार होता, आणि संग्रहाच्या संपादिकाबाई पाच वाजता टेपा न्यायला येणार होत्या. मामाने तीन दिवस खपून सगळ्या टेपा संगणकात उतरवल्या होत्या. शेवटची टेप पहिल्या गाण्याची. तीही उतरली खरी, पण तिची एक बाजू म्हशीसारखी रेकत होती, आणि दुसरीवर तर नुसता गोंधळ होता.

“त्या गाण्याची चाल माझी!” मामा कळवळून म्हणाला. “बावीस वर्षं तो झिपऱ्या ती स्वतःच्या नावावर मिरवतोय! पुरावा होता तो एवढाच!”

झिपऱ्या म्हणजे बॅंडचा गायक. मत्सर हा सर्दीसारखा असतो. ज्याला होतो त्याला वाटते, हवाच बिघडली आहे. मामाचे दुःख खारीला इतरांपेक्षा अधिक समजले. कारण तिच्यासमोर तिची मावसबहीण मैना बसली होती, आणि मैनेच्या मांडीवर मामाची जुनी गिटार होती! “हिचा कान तयार आहे,” असे म्हणून मामाने ती पहिल्याच दिवशी मैनेला देऊन टाकली. आणि खारीला काय? तारा गुंडाळायचे काम!

‘टेप मीच दुरुस्त करीन. एकटीने!’ खारीने मनाशी ठरवले.

मामा बाहेर गिऱ्हाइकाकडे वळताच ती संगणकासमोर बसली. पडद्यावर आवाजाच्या आकृत्या उमटल्या होत्या. चांगल्या टेपेत ड्रमचा प्रत्येक ठोका मासोळीसारखा दिसत होता : आधी जाड डोके, मग निमुळते शेपूट. बिघडलेल्या टेपेची दुसरी बाजू तिने उघडली, आणि तिचे डोळे विस्फारले.

“गोट्या, हे बघ! शेपूट आधी, डोकं नंतर!”

“मासे मागे मागे पोहतायत!” तिचा धाकटा भाऊ गोट्या खिदळला.

“मासे नाहीत रे, गाणं उलटं आहे!”

तिने ती बाजू सुलट केली आणि पहिल्या बाजूवर नेमकी बसवली. ठोके ठोक्यांवर जुळले. पण सगळे गाणे अजून रेकतच होते. अर्धा तास खटपट करूनही ते तसूभर सुधारले नाही.

“मैनाताईला विचार ना!”

“तिला? जीव गेला तरी नाही!”

“मग मामाची चाल गेली,” गोट्या शांतपणे म्हणाला.

घड्याळात साडेचार झाले होते. कडू काढा गिळावा तशी खार म्हणाली, “मैने, जरा ऐकतेस का?”

मैनेने डोळे मिटून ऐकले आणि गिटारीची एक तार छेडली.

“टेप बिघडली असती, तर सूर डुगडुगला असता. हा डुगडुगत नाहीये. बरोब्बर एक सप्तक खाली आहे!”

“म्हणजे टेप निम्म्या वेगानं वाजतेय!”

“मग दुप्पट कर!”

“करतेय की! तू नको शिकवू!”

आणि दुकानाच्या मागच्या खोलीत एकदम लख्ख आवाज उमटला! गाण्याआधी कोणी तरी हसत होते. मग मामाचाच आवाज आला, बावीस वर्षांनी तरुण :

“झिपऱ्या, तुझी ही चाल माझ्या बोटांत बसतच नाही रे! परत दाखव.”

“अरे गाढवा, तिसऱ्या तारेवरून उचल!”

खारीने गाणे थांबवले.

“एवढं बोलणं कापून टाकू या,” गोट्या कुजबुजला. “गाणं तेवढं ठेवू. कोणाला कळतंय?”

एक कळ दाबण्याचा अवकाश होता. खारीचे बोट तिच्यावर टेकले. काल मैनेच्या गिटारीची खुंटी गुपचूप सैल करणारे बोट हेच! खुंटी सैल केल्यावर कसे वाटले, हे तिला पक्के आठवत होते. क्षणभर छान, नंतर रात्रभर नाही. तिने बोट उचलले.

इतक्यात संपादिकाबाईंना घेऊन मामा आत आला. “पहिलं गाणं नाही मिळायचं, बाई.”

“मिळालं, मामा!” खार म्हणाली. “पण तू आधी बस.”

टेप वाजली. मामाचा चेहरा उजळला, मग हळूहळू उतरला. उलट्या बाजूची आणि निम्म्या वेगाची हकिगत खारीकडून ऐकून संपादिकाबाई मात्र आनंदाने उसळल्या.

“टेपेच्या चार पट्ट्यांवर वेगवेगळे आवाज भरणाऱ्या यंत्रावर केलीय ही! त्यात चारही पट्ट्या एकाच दिशेनं, दुप्पट वेगानं भरतात. साध्या यंत्रात वेग निम्मा होणार आणि अर्ध्या पट्ट्या उलट्याच वाजणार! अशा कितीतरी टेपा मोठमोठ्यांनी फेकून दिल्यात, पोरींनो!”

“यंत्र आठ दिवसांसाठी मागून आणलं होतं,” मामा पुटपुटला. “ते विसरलो, एक वेळ ठीक. पण चाल कोणाची, हेही विसरलो? का मुद्दामच विसरलो?”

मग त्याने दोघींच्या डोक्यांवर हात ठेवले.

“कान मैनेचा, डोळा खारीचा. शाबास!”

“आणि हिंमतही तिचीच,” मैना म्हणाली. “बोलणं कापायचं नाही, हे हिनं ठरवलं. मी तर गप्पच बसले होते.”

“काल तुझी खुंटी मीच सैल केली होती,” खार भडाभडा बोलून गेली.

“माहितीये. आवाजावरूनच कळलं होतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुला ते मासे दिसतात. मला नुसत्या रेघा दिसतात,” मैना तोंड फुगवून म्हणाली. “मलाही तुझा राग येतोच की!”

खार थक्क होऊन पाहत राहिली. तिचा हेवा? मैनेला?

“बोलणं काढून टाकू का?” संपादिकाबाईंनी मामाला हळूच विचारले.

“एक अक्षरही काढू नका. आणि चाल झिपऱ्याच्याच नावावर छापा.”

एवढे बोलून मामाने फोन उचलला. पलीकडून बराच वेळ कोणी उचलेना.

“हॅलो, झिपऱ्या?” मामाने घसा खाकरला. “मी बोलतोय. अरे नाही, नाही... भांडायला नाही केला फोन!”