मागच्या बाकावरचं 'न्हाय'

ज्यांना खोटं वाटेल त्यांनी इथंच थांबावं. माझी काही तक्रार नाही.

पण हे घडलंय. माझ्या थोरल्या चुलत्यांच्या बाबतीत घडलंय.

बलभीम तात्या. उस्मानाबादला वकिली करायचे आणि दुष्काळाच्या त्या वर्षांत विधान परिषदेचे आमदार होते. छप्पन साली बौद्ध झाल्यावर घरातले देव नदीत सोडले, तेव्हा भुतंखेतंही त्यांच्यासोबत सोडली, असं ते हसत सांगायचे.

ही एक गोष्ट मात्र त्यांनी कधी हसून सांगितली नाही.

साल १९७३. मार्च महिना. मुंबईत अधिवेशन चालू होतं, आणि तात्या दोन दिवस गावाकडं येऊन परत निघाले होते. येडशीच्या स्टेशनात छोटी गाडी उभी होती. खिडकीशी एक बाई आली. पायाला पांढरा मुरूम लागलेला, ओठ फुटलेले.

"साहेब, म्या धुरपदाबाई. वाशीकडची."

वाशीकडचं म्हटल्यावर तात्यांच्या ध्यानात आलं. तिथं पाझर तलावाचं दुष्काळी काम चालू होतं. मुरूम खणताना दरड कोसळून बाया गाडल्या गेल्या होत्या. प्रेतं काढून झाली, असं सरकारनं जाहीरही केलं होतं.

"माझी लेक सत्यभामा घावली न्हाय," बाई म्हणाली. "मुकादम म्हनतो, कुनाचा तरी हात धरून पळून गेली. साहेब, ती पळाली न्हाय. मातीखालीच हाय. तेवढी काढायला लावा."

तात्या काही विचारणार, तेवढ्यात शिट्टी झाली. गाडी हलली. बाई गाडीसोबत चार पावलं चालली आणि थांबली.

मुंबईत पोचल्यावर तात्यांनी त्या दुर्घटनेवर चर्चा मागितली. ती मंजूर झाली. पण ज्या दिवशी चर्चा यायची, त्याच संध्याकाळी तालिका सभापती म्हणून खुर्चीवर बसायची पाळी तात्यांचीच आली. खुर्चीवरच्या माणसाला सभागृह चालवायचं असतं, स्वतः बोलायचं नसतं. म्हणून त्यांनी विषय विरोधी पक्षाच्या आबारावांना मांडायला दिला.

आणि नेमका त्या दिवशी भलत्याच कारणावरून गोंधळ झाला. विरोधी पक्षानं सभात्याग केला. आबारावही बाहेर गेले.

सभागृह निम्म्याहून रिकामं झालं. आता काही अडचण नाही म्हणून सरकारी पक्षाचे पुष्कळ सदस्यही घरी गेले.

मग सत्ताधारी पक्षाचे प्रतोद उठले. म्हणाले, "सभापती महोदय, चर्चा मांडणारेच सभागृहात नाहीत. ही चर्चा पुढील अधिवेशनावर ढकलावी, असा मी प्रस्ताव मांडतो."

तात्यांनी मनात हिशेब केला. पुढचं अधिवेशन पावसाळ्यात. तोवर बांध उभा राहिला असता. मग कोण उपसणार होतं ती माती?

पण खुर्ची ती खुर्ची. त्यांनी प्रस्ताव मताला टाकला.

"जे प्रस्तावाच्या बाजूने असतील, त्यांनी 'होय' म्हणावे."

"होय," समोरून आवाज आले.

"जे विरुद्ध असतील, त्यांनी 'नाही' म्हणावे."

कोण म्हणणार? विरुद्ध म्हणायला आत कुणी नव्हतंच.

तरी तात्या थांबले. नियमाप्रमाणं क्षणभर थांबावं लागतं.

पंखे फिरत होते. आणि एकाएकी... पंख्यांचा आवाज येईनासा झाला.

पंखे फिरतच होते. आवाज तेवढा गेला.

मग वास आला... कोरड्या, नुकत्याच खणलेल्या मातीचा. आपल्याकडच्या मातीचा.

आणि अगदी मागच्या, रिकाम्या बाकांकडून...

"न्हाय."

बाईचा आवाज. खोल. तोंडात माती असताना बोलावं तसा.

तात्यांनी मागच्या बाकांवर नजर टाकली. कुणी नव्हतं. प्रेक्षकांची गॅलरीही रिकामी होती. त्यांनी खाली टेबलाशी बसलेल्या सचिवांकडं पाहिलं. सचिवांचा पेन हवेतच थांबला होता. चेहरा पांढराफटक. त्यांनी हळूच मान वळवून मागं बघितलं आणि तितक्याच हळू परत पुढं आणली.

"ऐकलंत?" तात्यांनी ओठांतल्या ओठांत विचारलं.

सचिवांनी मान हलवली. हो.

पंखे पुन्हा घरघरू लागले.

आता काय करायचं? तात्या मला म्हणाले होते, "घाबरलो का, तर लई घाबरलो. हात मांडीखाली दाबून बसलो होतो. पण पोरा, सभागृहात 'नाही' आलेलं मी कानानं ऐकलं होतं. ते ऐकलंच नाही, असं कसं म्हणू?"

ते म्हणाले, "विरोधाचा आवाज आलेला आहे. मतविभागणी घेऊ."

प्रतोद उभेच राहिले. "कुणाचा आवाज, महोदय? बाकं रिकामी आहेत."

"आवाज आला आहे," तात्या म्हणाले. "घंटा द्या."

मतविभागणीची घंटा इमारतभर घणघणली. बाहेर चहा पीत उभ्या असलेल्या विरोधी सदस्यांनी ती ऐकली आणि ते धावत आत आले. घरी गेलेले सरकारी सदस्य कुठून येणार? दारं बंद झाली. मतं पडली.

प्रस्ताव फेटाळला गेला.

चर्चा त्याच संध्याकाळी झाली. आबारावांनी एकच प्रश्न धरून ठेवला. ती दरड पुन्हा उपसणार का? मंत्री टाळत राहिले, आबाराव सोडेनात. शेवटी मंत्र्यांनी कबूल केलं.

सभागृह उठल्यावर तात्या चहाच्या खोलीत सचिवांजवळ गेले. "तुम्ही होतात म्हणून बरं झालं. नाहीतर मला वाटलं असतं, माझेच कान वाजले."

सचिवांनी कप खाली ठेवला. "कशाबद्दल म्हणताय, साहेब? मी तर काहीच ऐकलं नाही."

खोटं बोलताहेत असंही वाटेना.

तात्या परत सभागृहात गेले. शिपाई बाकं पुसत होता. मागच्या रांगेत येऊन तो थबकला.

"साहेब, इथं मुरूम कुठून आला हो?"

दोन आठवड्यांनी दरड उपसली. सत्यभामा सापडली. धुरपदाबाई म्हणत होती तिथंच, कुदळ हातात धरलेली.

तात्या मुद्दाम तिच्या वस्तीवर गेले. धुरपदाबाई दारात बसली होती. रडून झालेलं होतं.

"सरकार दरबारी नोंद झाली बाई," तात्या म्हणाले. "आता तुमच्या लेकीला कुणी नावं ठेवणार नाही."

"तुमचं लई उपकार."

"माझे कशाचे? तुमच्या लेकीनंच करून घेतलं." तात्यांना राहवलं नाही. त्यांनी तिला सगळं सांगितलं. रिकामं सभागृह, मातीचा वास, तो आवाज.

धुरपदाबाई ऐकत राहिली. मग तिनं पदर तोंडाला लावला.

"साहेब... तो आवाज तिचा न्हवं."

"कशावरून?"

"माझी सत्यभामा जन्मापासनं मुकी व्हती."

तात्या उठले.

ते तिथून थेट कामावर गेले. इंजिनिअरला म्हणाले, "अजून खणा. खाली आणखी कुणीतरी आहे."

इंजिनिअरनं विचारलं, "कोण, साहेब? कुणाची तक्रार आहे?"

कुणाचीच नव्हती. तात्यांनी वाशीत विचारलं, थेट सोनारीपर्यंत माणसं पाठवली. त्या वर्षी माणसं पोटासाठी कुठून कुठं चालत येत होती. आज या कामावर, उद्या त्या. एखादी बाई एकटीच आली असेल, तर ती नाही म्हणून कुणाच्या लक्षात येणार?

काही हाताशी लागलं नाही. काम पुढं सरकलं. बांध पुरा झाला, आणि त्या साली पाऊस चांगला पडला. खणलेली ती जागा पाण्याखाली गेली.

तात्या पुढंही खुर्चीवर बसायचे. पण 'नाही म्हणावे' असं म्हटल्यावर ते फार वेळ थांबतात, अशी सदस्यांची कुरकुर असायची. त्यांचे डोळे मागच्या बाकांवर असायचे म्हणे.

तात्यांना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

तो तलाव अजून आहे. आसपासच्या गावांना त्याचंच पाणी येतं. मागल्या उन्हाळ्यात तिथं एका लग्नाला गेलो होतो. मांडवात बसलो, तर यजमानांनी थंडगार पाण्याचा तांब्या पुढं केला.

ऊन मी म्हणत होतं. घसा कोरडा पडला होता.

मी म्हटलं, "नको. आत्ताच प्यायलोय."