रुफिनोच्या वाढदिवसाचं फूल

इताउग्वा गावाच्या चर्चसमोर कासिल्दाचं फुलांचं दुकान होतं. ज्याचा वाढदिवस असेल त्याने सकाळी यायचं, छातीवर फूल टाचून घ्यायचं आणि वेदीपुढे डोकं टेकवून यायचं, ही गावची रीत. लहान मुलींना मारियेची पांढरी लिली, म्हाताऱ्यांना नम्रतेचं व्हायोलेट, हुतात्म्याच्या दिवशी जन्मलेल्याला रक्ताचा लाल गुलाब. कासिल्दाचा या अर्थांवर फारसा विश्वास नव्हता. फूल ताजं असावं, एवढंच ती बघे.

कृष्णकमळ मात्र ती कुणालाच टाचत नसे. त्यात गावाला तीन खिळे, काट्यांचा मुकुट आणि येशूच्या पाच जखमा दिसतात: दोन हातांच्या, दोन पायांच्या, एक बरगडीपाशी. ते फक्त गुड फ्रायडेला, क्रूसावरून उतरवलेल्या मूर्तीसाठी. त्या दिवशी कुणाचा वाढदिवस आलाच, तर तो रविवारावर ढकलायचा.

यंदा तो तिच्या जावयाचा आला. रुफिनो खाटीक होता. मांस वर्ज्य असल्याने त्या दिवशी त्याचं दुकान बंद, म्हणून स्वारी सकाळपासूनच प्यायलेली. मागे टोपलीत चिपा रोट्या आणि त्या कापायची सुरी घेऊन ब्रिजिदा, कासिल्दाची एकुलती एक लेक. तिचा ओठ सुजला होता.

"काय सासूबाई, जावयाला फूल नाही?"

"रविवारी ये."

"का? मी काय रविवारी जन्मलो?" त्याने मूर्तीसाठी गुंफलेल्या हारातलं एक कृष्णकमळ ओरबाडून शर्टाला टाचलं. "घ्या! शोभतंय की नाही?"

लोकांनी छातीवर क्रूसाची खूण केली. हाताला धरून त्याला थांबवता आलं असतं. कासिल्दाने लेकीच्या ओठाकडे पाहिलं आणि ती जागची हलली नाही. या माणसाच्या हातून आपली पोर एक दिवस मरणार, हे तिला दोन वर्षांपासून ठाऊक होतं.

"काढा हो ते," ब्रिजिदा म्हणाली. "पाप लागेल."

"मला शिकवतेस?"

त्याने फाडकन तिच्या थोबाडीत मारली. रोट्या रस्त्यावर सांडल्या. तिचा गाल लाल झाला, पण रक्त तिचं नव्हतं. रुफिनोने तळहात उघडला. मधोमध आरपार भोक पडलं होतं.

"काय टोचलंस गं, भवाने?"

त्याने डाव्या हाताने ठोसा मारला. तोही हात फुटला.

ती खाली पडली. त्याने तिच्या पोटात लाथ घातली. बूट रक्ताने भरला. किंचाळत त्याने दुसरी लाथ घातली आणि गुडघ्यांवर कोसळला.

टोपलीतली सुरी त्याने दोन्ही फाटक्या हातांत धरली.

"आई, फूल काढ!" ब्रिजिदा ओरडली. "मरेल गं तो!"

कासिल्दाने पुढे होऊन त्याच्या छातीवरची टाचणी चिमटीत धरली. ओढायचीच काय ती बाकी होती.

रुफिनोने सुरी उगारली.

कासिल्दाने टाचणी सोडली.

बरगडीपाशी त्याचा शर्ट आतून फाटला.

सुरीच्या पात्यावर रक्ताचा थेंबही नव्हता.

रुफिनोला पुरलं. पुढच्या मंगळवारी शेजारची फेलिसा आली. डोक्यावरचा रुमाल डोळ्यापर्यंत ओढलेला.

"कासिल्दाबाई, उद्या आमच्या मालकांचा वाढदिवस," ती म्हणाली आणि कुंपणावरच्या कृष्णकमळाच्या वेलीकडे पाहत राहिली.

"घरी जा, फेलिसा," कासिल्दा कशीबशी म्हणाली. तिला फार भीती वाटली.

ब्रिजिदा मात्र कात्री घेऊन उठली होती. "मारतो कशाने? हाताने की लाथेने?"

"पट्ट्याने."

ब्रिजिदाने एक टपोरं फूल कापलं. मग वेलीचे पिळदार तंतूही मोजके कापून त्याच्यासोबत बांधले. गावात त्यांना येशूच्या पाठीवर पडलेले आसूड म्हणतात.