थॉर्नली साहेबाचे चेहरे

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही सतरंजीवर उताणे पडला आहात. चेहऱ्याला खोबरेल चोपडलं आहे आणि कोणीतरी त्यावर गार, ओलं प्लास्टर ओतत आहे. डोळे बंद, तोंड बंद. श्वासासाठी नाकात दोन बारीक नळ्या. प्लास्टर सुकेपर्यंत हलायचं नाही.

दीडशे वर्षांपूर्वी सिंगापुरात थॉर्नली नावाच्या साहेबाने अशा शेकडो माणसांचे चेहरे उतरवले. निरनिराळ्या लोकांचा अभ्यास करणं हे त्याचं काम. आधी तो त्यांची डोकी मोजायचा, मग साचे घ्यायचा. पुढे त्याच चेहऱ्यांचं त्याने संग्रहालय मांडलं आणि म्हातारपणापर्यंत सांभाळलं. प्रत्येकाखाली जात लिहिली. नाव एकाचंही नाही.

हार्बरफ्रंटजवळ आजही असलेल्या त्या लहानशा संग्रहालयात अदिती आजोबांबरोबर गेली, ती थेट गणपतीच्या कार्यशाळेतून. पिशवीत उरलेली शाडूची माती होती. मूर्तीला भोक राहिलं तर ती तडकते, दिसलं की बुजवायचं, असं तिथल्या ताईंनी नुकतंच शिकवलं होतं.

आजोबा एका चेहऱ्याखालची पाटी वाचत होते. ‘मराठा कैदी.’

“आपल्याकडचा गं हा,” ते म्हणाले. “इंग्रजांनी इथे रस्ते बांधायला आणलेला.”

चेहऱ्यापुढे काच नव्हती, नुसती दोरी होती. अदितीला त्याच्या नाकात दोन गोल भोकं दिसली. बिचारा तडकेल, असं तिला वाटलं. आजोबा पुढे सरकले, तशी तिने चिमूटभर शाडू घेऊन दोन्ही बुजवली. वरून बोट फिरवून गुळगुळीतही केली.

बुकित तिमाहला घरी पोचेपर्यंत आजोबा तोंडाने श्वास घेऊ लागले होते.

“हेझ आहे ला, आजोबा,” अदिती सिंगापुरी ढंगात म्हणाली. सुमात्राकडच्या वणव्यांचा धूर त्या आठवड्यात होताच.

आई त्यांना क्लिनिकमध्ये घेऊन गेली. नाक मोकळं, छाती स्वच्छ, असं डॉक्टर म्हणाले. मग पाऊस पडला, धूर गेला, आकाश निळं झालं. आजोबांचा श्वास तसाच राहिला. तोंडात घास घेतला की ते गुदमरायचे. चार घासांतच ताट सरकवायचे. गालफडं बसली.

“बाबा, होतंय तरी काय नक्की?” आई रडकुंडीला आली.

“ओल्या मातीचा वास येतो,” आजोबा थांबत थांबत म्हणाले. “हवा मात्र आत जात नाही.”

अदितीने वरणभात तसाच ठेवला. आई आत गेल्यावर ती आजोबांजवळ सरकली.

“आजोबा, मी बुजवलं. त्या माणसाचं नाक.”

ते हसतील, असं तिला वाटलं होतं. ते उठले आणि चप्पल शोधू लागले.

संग्रहालयात पोचताच आजोबा बाकावर बसले. त्यांचे ओठ काळेनिळे दिसत होते. अदितीने केसांतली पिन काढली आणि दोरीखालून आत शिरली.

शाडू एव्हाना सुकायला हवी होती. ती ओली होती. कोमट होती.

एक गोळा निघाला.

दुसरा निघाला.

तिच्या बोटांवर वारा आला. थांबला. पुन्हा आला.

मागे आजोबांनी नाकाने लांब श्वास घेतला. “मोकळं झालं गं, बाळा! चल, घरी जाऊ.”

अदिती वळली नाही. ती शेजारच्या चेहऱ्याकडे बघत होती. एका बाईचा होता तो. तिच्या नाकात भोकं नव्हतीच. थॉर्नली साहेबाने ती प्लास्टर भरून छान गुळगुळीत केली होती.

तिच्यापुढच्याचीही. पार टोकापर्यंत, सगळ्यांची.

“अदिती? चल ना.”

अदितीने पिन घट्ट धरली आणि त्या बाईचं नाक खरवडायला घेतलं.